कॅन उतरवल्यानंतर

१

स्लॅबची परीक्षा घ्यायची रीत साधी आहे. वरच्या मजल्यावर वजन ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर छताला डायल टेकवून बसायचं. वजनानं स्लॅब वाकतो, केसाएवढाच, पण डायलची सुई ते दाखवते. एक दिवस थांबायचं, मग वजन उतरवायचं. सुई उलटी फिरायला लागली की समजायचं, काँक्रीटमध्ये अजून जीव आहे. ती अगदी शून्यावर कधीच येत नाही, यायची अपेक्षाही नसते. काँक्रीट थोडं मनात ठेवतंच. बरंचसं परत आलं तरी इमारत पास करतात.

बाहेरच्या देशांत यासाठी लोखंडी वजनं असतात म्हणे. आमच्याकडे युद्ध संपून दोन वर्षं होत आली होती आणि अख्ख्या बोस्नियात धड क्रेन मिळत नव्हती, तिथं वजनं कुठली? पण एक वस्तू घरोघरी होती. पाण्याचे कॅन. वेढ्याच्या दिवसांत नळ कोरडे पडले तेव्हा आम्ही सगळेच पाणी वाहत होतो, पाठीवरून, ढकलगाडीवरून, मुलांच्या बाबागाडीतून. विहिरीवरच्या रांगेत भांडणं नकोत म्हणून प्रत्येकानं आपल्या कॅनवर ऑइलपेंटनं आडनाव लिहिलेलं. नळाला पाणी आलं तरी कुणी ते कॅन फेकले नाहीत. असू दे, लागेल, असं म्हणून माळ्यावर टाकले. मग आम्ही ते गोळा केले, भरले आणि स्लॅबवर ओळीनं मांडले. पाण्याचं वजन माहीत असतं, त्यामुळे हिशेब सोपा.

ती इमारत आमचीच होती. नदीकाठची चार मजली, पिवळी, खिडक्यांच्या जागी प्लास्टिक. दुसऱ्या मजल्यावर आईचं घर. तिथंच मी लहानाची मोठी झाले. परीक्षेसाठी नेमकं ते घर निवडलं, कारण सगळ्यात मोठा तडा त्याच्याच फरशीच्या खालच्या अंगाला होता, म्हणजे पहिल्या मजल्यावर, आमचे जुने शेजारी झाईमकाका यांच्या रिकाम्या दिवाणखान्याच्या छताला. आपल्याच घराची परीक्षा मी घ्यावी का, असं कुणी विचारलं नाही. आसपासच्या गावांत उरलेली इंजिनिअर मी एकटी.

यंदा दुरुस्तीचा पैसा एकाच इमारतीपुरता होता. शुक्रवारी समिती येणार होती. पास झाली तर बर्फ पडायच्या आत छप्पर आणि काचा. नापास झाली तर बुलडोझर. आई तेव्हा शाळेच्या व्यायामशाळेत राहत होती, चाळीसेक बेघर कुटुंबांबरोबर, आणि तिची छाती भरलेली होती. डॉक्टर म्हणाले होते, "अजून एक हिवाळा तिथं काढू देऊ नका." डॉक्टर यापेक्षा सरळ बोलत नाहीत. तेव्हा मला ही इमारत पास व्हायला हवी होती, हे उगाच लपवत नाही.

२

मंगळवारी सकाळी कॅन उतरवले. चार मजूर आणि शेफ्को.

शेफ्को माझा तंत्रज्ञ. तोंडात सिगारेट आणि सिगारेटच्या कडेनं विनोद. युद्धाआधी त्याचं पोट त्याच्या पुढे चालायचं, आता सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा.

"इंजिनिअरबाई," तो डायलसमोर स्टूल ओढत म्हणाला, "मी युद्धात पंचवीस किलो उतरलो. मीही मूळ जागी आलो नाही. मलाही नापास करा."

"तू आधीच नापास आहेस. सुई बघ."

सुई परत यायला लागली होती. छान, सावकाश, पुस्तकात लिहिल्यासारखी. मी मनातल्या मनात खिडक्यांची मापं घ्यायला लागले. मग ती थांबली. थांबणं एक वेळ चालतं. पण ती खाली जायला लागली.

सावकाश, सलग सरकली असती तरी मी काही बोलले नसते. ती टिचक्या टिचक्यांनी गेली. एक टिचकी, जरा थांबून दुसरी, मग दोन एकदम. कॅन पुन्हा एकेक करून आणून ठेवावेत तशी.

"मजूर वर काय करतायत?"

"मजूर खाली ट्रकजवळ आहेत. ऐका, भांडतायत."

मी वर गेले. आईच्या खोलीत कुणी नव्हतं. फरशीवर कॅनच्या बुडांचे ओले डाग तेवढे, सुकत आलेले. प्लास्टिकमधून ऊन आत आलं होतं. ऊन, मी म्हटलं. स्लॅब वरून तापला, फुगला, वाकला. शेफ्कोला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "ऊन तर बरंच जड आहे हो इकडे."

दुपारी पलीकडच्या टेकडीवर भोंगा वाजला. तिथं सुरुंग काढणारी तुकडी होती. आदल्या दिवसापासून सापडलेले सुरुंग ते जेवणाच्या सुमारास एकदम उडवायचे, आधी भोंगा देऊन. रोजचंच होतं, तरी गावातला एकही माणूस त्या आवाजाला सरावला नव्हता.

धडाका झाला. खिडकीचं प्लास्टिक फुगून परत बसलं. आणि सुईनं झेप घेतली. वरच्या मजल्यावरचं सगळं ओझं कुणी एका दमात काढून घ्यावं तशी ती उलटी फिरली, सर्रकन, शून्याच्या अगदी जवळ. तिथं थरथरत थांबली. पुढे शेफ्कोची एक सिगारेट संपेपर्यंत ती तिथंच होती. मग टिचकी. मग दुसरी. मग पुन्हा सगळं होतं तिथं.

"हादरा," मी म्हटलं. "स्टँड हलला असणार."

"असणार," शेफ्को म्हणाला. "पण बाई, माझी बायको पण अगदी असंच करते. धडाका झाला की सरळ संडासात जाऊन बसते. शांत झालं की बाहेर. मी ओरडतो, अगं, युद्ध संपलं. ती म्हणते, तुला कुणी सांगितलं?"

"आणि तू?"

"मी कशाला ओरडतो मग? मी जिन्याखाली असतो ना."

आम्ही दोघं हसलो. मी स्टँडचे स्क्रू पुन्हा आवळले. ते घट्टच होते.

३

व्यायामशाळेत प्रत्येक कुटुंबाला राखाडी ब्लँकेटच्या भिंती होत्या. आईची खाट बास्केटबॉलच्या कड्याखाली आलेली. ती त्या कड्यावर मोजे वाळत घालायची आणि आल्यागेल्याला सांगायची की या वयातही माझा नेम चुकत नाही.

"चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलीस," ती म्हणाली, "आणि आईला एक काच लावून देता येईना."

"पाच वर्षं. शुक्रवारी कळेल."

"शुक्रवारी कळेल म्हणजे? घर आपलं आहे की शुक्रवारचं?"

तिला खोकला आला. तो आला की मी दुसरीकडे बघायची, नाहीतर ती चिडायची. खोकला संपल्यावर तिनं कॉफी ओतली, आधी मला, मग स्वतःला. छोट्या वाटीसारखा कप तिनं दोन्ही हातांत धरला. आई कॉफीची घाई कधी करत नाही. तोफा चालू असतानाही केली नाही, आणि म्हणूनच ती माझ्यासमोर बसली होती.

ते कसं, ते थोडक्यात सांगते. भडिमार सुरू झाला की आमच्या जिन्यातली सगळी कुटुंबं तळघरात जायची. झाईमकाका म्होरके. दाराला अडसर लावायचे आणि दारापाशी काठी घेऊन बसायचे. "संपलं की मी सांगतो," म्हणायचे, आणि ते सांगेपर्यंत कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. त्या दिवशी मी विहिरीवर रांगेत होते. आईनं नुकतीच कॉफी ओतली होती. कॉफी कसली, भाजलेल्या मसुरीचं पाणी. काका दारातून ओरडले, "रेमझावहिनी, चला!" ती म्हणाली, "एवढी संपवते आणि येते." गोळा तळघराच्या झरोक्यातून आत गेला. तिथं बसलेलं कुणीच वर आलं नाही.

त्याबद्दल आई कधी बोलली नाही. आज मात्र कप खाली ठेवून म्हणाली, "तळघर धुतलंस का?"

"स्वच्छ आहे. पहिल्याच दिवशी बघितलं. काही नाही तिथं. बाकंसुद्धा लोकांनी जळणाला नेली."

"अरे देवा," आई म्हणाली. "मग बसतात कशावर?"

"कोण?"

"कोण काय कोण? घे, थंड होतेय."

ती म्हातारी झाली आहे, मी स्वतःला सांगितलं. छातीत कफ असला की ताप डोक्यात जातो. मी कॉफी संपवली आणि तिच्या पायांवर माझा कोट पांघरला. फार वाईट वाटलं. एवढी करारी बाई, आणि तिला चार भिंती म्हणून चार घोंगड्या.

४

बुधवारी धडाक्याच्या वेळी मी वर, आईच्या घरात थांबले. शेफ्को खाली डायलपाशी. सुई टिचकली की त्यानं पाईपवर ठोकायचं, असं ठरलं होतं. मला बघायचं होतं, सुई टिचकते तेव्हा त्या खोलीत काय होतं.

खोलीत काहीच होत नव्हतं. मी भिंतीशी उभी होते. पाईपवर ठक झालं. समोर फरशी, प्लास्टिक, ऊन. पुन्हा ठक. एवढंच जाणवलं की मी भिंतीला जरा जास्तच चिकटून उभी आहे. बसमध्ये माणसं चढत जातात तसतसं आपण आत सरकतो ना, तशी मी कोपऱ्यापर्यंत सरकले होते. खोली मोकळी होती आणि मी कोपऱ्यात. मी मुद्दाम चालत मधोमध गेले. जायला जड गेलं, हे खरं. मग पुन्हा कोपऱ्यात आले.

भोंगा वाजला. मी ठरवलं होतं की जागचं हलायचं नाही.

धडाका झाला तेव्हा मी जिन्यात होते. कधी आले ते आठवत नाही. पाय आपणहून गेले, आमच्याकडे सगळ्यांचेच जातात, त्यात नवल नाही. नवल हे की मी उतरत नव्हते. मी डाव्या भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभी होते, जिन्याची उजवी बाजू मोकळी सोडून. लहान मुलं आणि म्हातारे आधी, हा आमच्या जिन्याचा नियम. मी वाट देत होते. हाताला लोकर घासली. मग कापडाचं काहीतरी. आवाज म्हणाल तर काही नाही, फक्त मोज्यांतल्या पावलांचा असतो तेवढा. आमच्याकडे घरात बूट घालत नाहीत, त्यामुळे युद्धात सगळे तसेच खाली पळायचे.

मी उभी राहिले. जिना रिकामाच होता. खालून शेफ्को ओरडला, "उडाली! परत शून्याजवळ!"

मी खाली गेले, अगदी तळघराच्या दारापर्यंत. पहिल्या तपासणीत मी हेच दार एका बोटानं ढकललं होतं. आज ते हलेना. खांदा लावला. दार किंचित आत गेलं आणि परत आलं. लाकूड फुगलं की दार अडतं, दगडासारखं. हे तसं अडलेलं नव्हतं. पलीकडून कुणी पाठ लावून बसलं की जे होतं, ते झालं.

नदी जवळ आहे, ओल आहे, लाकूड फुगतं. मी हे तीनदा म्हटलं. शेफ्को वरच्या पायरीवर येऊन उभा होता. त्याची सिगारेट पेटवायची राहिली होती.

"बाई," तो म्हणाला, "उद्या मी ही डायलची घड्याळं काढू का?"

"परवा समिती आहे. उद्या शेवटचं बघू."

"बघून काय होणार?"

"परत आली तर पास."

"आणि आली तर कोण राहणार हो इथं?" त्यानं विचारलं. माझी आई राहणार होती.

५

गुरुवारी सकाळी माझा निर्णय झाला होता. नापास.

रात्री मी एकच विचार केला. स्लॅबवर ज्याचा हिशेब लागत नाही असं ओझं असेल, तर त्या स्लॅबवर माणसं ठेवायची नाहीत. हा विचार इंजिनिअरचा होता आणि तो मला पटला. आईसाठी माझी भाड्याची एक खोली होती, दुसऱ्या गावात, चौथ्या मजल्यावर, जिना चढून; म्हणूनच आजवर ती तिथं आली नव्हती. ती शिव्या देईल, खोकेल, पण चढेल. मी उचलून नेईन. असं ठरवल्यावर कितीतरी दिवसांनी भूक लागली आणि मी वाटेत मांस भरलेला गरम बुरेक घेतला, शेफ्कोसाठीही एक. त्याला सांगायचं होतं, काढ घड्याळं, चल.

तो झाईमकाकांच्या खोलीत स्टुलावर बसला होता, डायलकडे तोंड करून.

"आल्या का? तुमच्या आई वर आहेत."

"कोण?"

"रेमझाआई. काठी टेकत आल्या, पिशवीत कॉफीचं भांडं, छोटा स्टोव्ह. मी म्हटलं, बाईंना येऊ द्या. म्हणाल्या, माझ्या घरात जायला मला बाई लागत नाही. तासभर झाला. खूश आहेत. गाणं म्हणत होत्या." त्यानं सुईकडे बोट केलं. "ही पण सांगते ना. आज फारच खाली आहे. घर भरलंय."

तो हे विनोदानं म्हणाला, आणि मग त्याच्याच चेहऱ्यावरून तो विनोद उतरला.

टेकडीवर भोंगा वाजला.

मी बुरेक टाकला आणि जिन्याकडे धावले. पहिल्या वळणावर धडाका झाला. मी थांबले नाही, चढत राहिले, पण चढले ती डाव्या भिंतीला चिकटून. लोकर घासली, कापड घासलं. एक उबदार काहीतरी माझ्या हाताला अगदी जवळून लागून गेलं आणि त्याला कॉफीचा वास होता. मी वाट देत होते. कुणाला, ते मला कळत होतं. त्यांच्यात आई असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या घराला दारच उरलं नव्हतं, नुसती चौकट. तरी आईनं चौकटीबाहेर बूट काढले होते, जोडीनं, टोकं बाहेरच्या बाजूला. काठी चौकटीला टेकवलेली. खोलीत एका पालथ्या खोक्यावर रुमाल पसरून तिनं मांडामांड केली होती. स्टोव्ह विझवलेला. एका कपात कॉफी, अर्धी.

मी कप उचलला. गरम होता.

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात कॉफी अर्धी टाकली नव्हती.

६

तळघराचं दार आज उघडं होतं, हातभर.

"शेफ्को!" मी वर तोंड करून ओरडले. "जागचा हलू नको! सुई बघत राहा!" हे का ओरडले ते मला माहीत नाही. कुणीतरी वर असावं, आणि त्यानं काहीतरी मोजत राहावं, एवढंच हवं होतं.

मग बॅटरी पेटवून आत गेले.

तळघर म्हणजे एक लांब बोळ, दोन्हीकडे भिंती. बॅटरी जुनी होती, उजेड जेमतेम कमरेएवढ्या उंचीचा. मी तो जमिनीवरून पुढे नेला. ओली जमीन, कोळशाची भुकटी. मग उजेडात गुडघे आले.

दोन्ही भिंतींना लागून, ओळीनं, गुडघे. पोटाशी ओढून घेतलेले, मधून जाणाऱ्याला वाट राहावी म्हणून. आम्ही असेच बसायचो. घोट्याजवळ विरलेली पँट. रफू केलेले मोजे. एका लहान मुलाचे, उघडे, सोललेले. मी बॅटरी वर केली नाही. हात वर जाईना, आणि खरं सांगायचं तर मी तो जाऊ दिला नाही. मी एक पाऊल टाकलं आणि सगळ्यात जवळचे दोन पाय आणखी थोडे आत ओढले गेले. मला जायला जागा व्हावी म्हणून.

शेवटाजवळ आईचे करडे मोजे होते. टाचेला मीच लावलेलं ठिगळ.

"आई, चल."

"श्श."

"आई, चल म्हणते ना!" मी तिचं मनगट धरलं. ते गरम होतं. आईचंच होतं.

"ओरडू नकोस गं," ती कुजबुजली. आवाजात भीती नव्हती, मला लाज वाटावी असा संकोच होता, पाहुण्यांत मूल हट्ट करतं तेव्हाचा. "त्या दिवशी मी थांबले. किती वाट बघायची त्यांनी? बस खाली. तुझीही ठेवलीय."

तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा होती. त्या जागेवर कोळशाची भुकटी नव्हती. पुसलेली होती.

"युद्ध संपलंय," मी म्हटलं, आईला, आणि मग मोठ्यानं सगळ्यांना. "दोन वर्षं झाली! कागदावर सह्या झाल्या! ते सुरुंग आहेत, टेकडीवरचे, आपलीच माणसं उडवतात!"

कुणी हललं नाही. मागे, दारापाशी, कुणीतरी घसा साफ केला. घोगरा, तंबाखूनं भरलेला तो घसा मी लहानपणापासून पहिल्या मजल्यावरून ऐकत आले होते.

"संपलं की मी सांगतो," ते म्हणाले.

आणि अडसर पडला.

मी दाराकडे वळले. वळले म्हणजे वळायला गेले. दोन्हीकडचे गुडघे सैल झाले होते, सगळे बसून झाल्यावर होतात तसे, आणि मधे वाट उरली नव्हती. बॅटरी विझत आली. आईनं माझा हात धरून खाली ओढला, जोर न लावता. मी बसले. उभं राहायला जागाच नव्हती.

तेवढ्यात वरून, जिन्याच्या पोकळीतून शेफ्कोचा आवाज आला. आनंदानं फाटलेला.

"बाई! शून्य! अहो, पुरतं शून्य! केसाएवढंही बाकी नाही! काही म्हणजे काही मनात ठेवलं नाही हिनं! पास झाली, बाई! तुमच्या आईंना सांगा, पास!"

मी तोंड उघडलं. आईनं त्यावर तळवा ठेवला. तळव्याला कॉफीचा वास होता. तळघरात बोलायचं नसतं.

त्याची पावलं वर गेली, आईच्या घरात फिरली. हाक. मग दुसरी हाक, तिसरी, त्यातला आनंद ओसरलेली. मग तो जिना उतरत खाली आला. दार त्याच्यासाठी उघडलं, एका बोटानं. त्याची बॅटरी माझ्या बॅटरीपेक्षा चांगली होती. तिचा उजेड जमिनीवरून आला, भिंतीवर चढला, आमच्या गुडघ्यांवरून, माझ्याही गुडघ्यांवरून फिरला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते. त्याचे डोळे पाणावलेले होते आणि तो रिकामी भिंत बघत होता.

"इथंही नाहीत," तो स्वतःशी म्हणाला. जाताना त्यानं दार नीट ओढून घेतलं.

७

छप्पर बर्फाच्या आत झालं. ठोकाठोकी आम्ही ऐकली. मग सामान ओढल्याचे आवाज, मग पावलं, बुटांशिवायची. पहिल्या मजल्यावर कुणीतरी रोज सकाळी कॉफी दळतं. शुक्रवारी समितीनं काय म्हटलं, माझ्याबद्दल गावात काय बोलतात, शेफ्को काय सांगतो, ते इथपर्यंत पोचत नाही. स्लॅब उत्तम आहेत, एवढं मी सांगू शकते. वर कुणी धावलं तरी इथं भुकटी पडत नाही.

आईचा खोकला थांबला. डॉक्टर म्हणाले होते, अजून एक हिवाळा त्या हॉलमध्ये नको. नाही काढावा लागला.

शांत झालं की बाकीचे वर जातात, थोडा वेळ, आपापल्या घरी, आणि आम्हीही जातो. दुसऱ्या मजल्यावर आता काचा आहेत. काच लावून देता येईना म्हणणारी आई बोटांनी त्यांच्या कडा तपासते. तिथल्या नव्या बाईनं पडदेही लावलेत. आम्ही कोपऱ्यात उभे राहतो, तिला अडचण नको म्हणून. बाहेरच्या दाराकडे मी दर वेळी जाते. जिन्यात मधेच माझी पाठ भिंतीला लागते, मी वाट देत उभी राहते, आणि सगळे उतरून झाले की त्यांच्या मागे मीही उतरलेली असते. झाईमकाकांना मी विचारायचं सोडलेलं नाही. ते म्हणतात, संपलं की सांगतो.

काल दुपारी भोंगा वाजला आणि धडाका झाला. आम्ही सगळे खाली आलो होतो. मग जिन्यात धडपडती पावलं ऐकू आली. वरची ती बाई, मुलाला कडेवर घेऊन, अनवाणी, दम लागलेली. ती आपसूक पळत आली होती, आमच्याकडे पळतात तशी. तळघराच्या दाराशी ती थांबली. मूल म्हणालं, "आई, काय झालं?" ती हसली. "काही नाही रे, सोन्या. सवय." पण लगेच परत गेली नाही. कडीवर तिचा हात पडल्याचं मला ऐकू आलं.

मी ओरडले. खरंच ओरडले, पूर्ण जीव काढून. आईचा तळवा माझ्या तोंडावर आधीच होता.

"सरक गं थोडी," आई कुजबुजली, आणि मोकळ्या हातानं माझ्या पलीकडची जमीन पुसायला लागली.

मी सरकले.